पुनर्निर्मित चित्रपट आणि समीक्षेची मापे : ‘मुळशी पॅटर्न’ व ‘अंतिम’ यांच्या निमित्ताने

१

एका भाषेत गाजलेला चित्रपट दुसऱ्या भाषेत नव्याने घडविण्याची प्रथा भारतीय चित्रपटसृष्टीला अपरिचित नाही. बोलपटाच्या पहिल्या दशकातच ‘प्रभात’ने एकच कथा मराठीत व हिंदीत अशी दुहेरी घडविण्याचा परिपाठ सुरू केला. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) व ‘शेजारी’ (१९४१) हे चित्रपट ‘अयोध्या का राजा’, ‘दुनिया न माने’, ‘आदमी’ व ‘पडोसी’ या नावांनी हिंदीतही अवतरले. तथापि या जोड्यांना पुनर्निर्मिती म्हणता येणार नाही. त्या एकाच निर्मितिप्रक्रियेतून, एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली जन्मलेल्या जुळ्या कृती होत्या. त्यांपैकी मूळ कोणती आणि प्रतिकृती कोणती, हा प्रश्न समीक्षकापुढे उभाच राहत नव्हता.

आज रूढ असलेल्या ‘रीमेक’ या शब्दाने वेगळ्याच गोष्टीचा बोध होतो. येथे एक कृती आधी पूर्ण होते, लोकांपुढे जाते, यशस्वी ठरते. आणि त्या यशाच्या आधारावर दुसरी कृती उभी राहते. साहजिकच दुसऱ्या कृतीचे परीक्षण करणारा समीक्षक एका बिकट स्थितीत सापडतो. पुढ्यातील चित्रपट स्वतंत्र मानावा, तर मूळ कृतीचे स्मरण त्याला स्वस्थ बसू देत नाही. केवळ प्रतिकृती मानावा, तर ज्या प्रेक्षकाने मूळ पाहिलेलेच नाही त्याच्या दृष्टीने ते परीक्षण निरुपयोगी ठरते. बहुसंख्य परीक्षणे या पेचातून मधली वाट काढतात, आणि पुष्कळदा त्यांचा निर्णयही मधलाच असतो : चित्रपट वाईट नाही, परंतु विशेष चांगलाही नाही.

हा ‘मध्यम’ निर्णय कसा सिद्ध होतो आणि त्यात भाषेचा वाटा किती असतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण मराठी वाचकाला निकटचे आहे : प्रवीण तरडे यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) हा मराठी चित्रपट, आणि त्यावरून महेश मांजरेकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘अंतिम : द फायनल ट्रुथ’ (२०२१) हा हिंदी चित्रपट.

२

दोन्ही चित्रपटांच्या कथेचा गाभा एकच आहे. पुण्याच्या पश्चिमेकडील एक शेतकरी कुटुंब जमीन विकते. हाती आलेला पैसा टिकत नाही. जमिनीबरोबर गावातील प्रतिष्ठाही जाते आणि शहरात येऊन हमालीसारख्या कामावर पोट भरण्याची पाळी येते. या अधोगतीचा संताप मनात साठवलेला मुलगा, राहुल, गुन्हेगारी टोळीत शिरतो, वेगाने वर चढतो, आणि ज्या हिंसेच्या बळावर तो वर चढलेला असतो तीच त्याच्या विनाशाला कारणीभूत होते. एका बाजूस बाप व दुसऱ्या बाजूस पोलीस अधिकारी, अशा दोन साक्षीदारांच्या मध्ये हे चरित्र उलगडत जाते.

मराठी चित्रपट २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यात ओम भुतकर यांनी राहुलची, मोहन जोशी यांनी बापाची, उपेंद्र लिमये यांनी विठ्ठल कडू या पोलीस अधिकाऱ्याची, तर स्वतः तरडे यांनी नान्या भाई या टोळीप्रमुखाची भूमिका केली. महेश मांजरेकर यांचाही या चित्रपटात अभिनेता म्हणून सहभाग होता. म्हणजे पुढे ज्यांनी ही कथा हिंदीत नेली, त्यांना मूळ कृतीचा परिचय आतून होता. हिंदी चित्रपट २६ नोव्हेंबर २०२१ रोजी चित्रपटगृहांत आला. त्यात राहुलच्या भूमिकेत आयुष शर्मा, बापाच्या भूमिकेत सचिन खेडेकर, तर नान्या भाईच्या भूमिकेत उपेंद्र लिमये आहेत. मूळ कृतीतील पोलीस अधिकारी पुनर्निर्मितीत टोळीप्रमुख झाला, ही पात्रयोजना कुतूहलजनक खरी. परंतु खरा पालट निराळाच आहे. विठ्ठल कडू याच्या जागी राजवीर सिंग हा शीख अधिकारी आला आणि ती भूमिका चित्रपटाचे निर्माते असलेल्या सलमान खान यांनी केली.

या पालटाचे परिणाम दोन आहेत. पहिला परिणाम रचनेसंबंधी आहे : कथेचा भार वाहणारा नट एक आणि प्रेक्षकांना चित्रपटगृहात आणणारा नट दुसरा, अशी विभागणी झाली. दुसरा परिणाम अर्थासंबंधी आहे. विठ्ठल कडू हा त्याच मातीतला माणूस आहे. त्याच्या आणि राहुलच्या संघर्षात एकाच जमिनीवर उगवलेल्या दोन शक्यता परस्परांसमोर उभ्या राहतात. राजवीर सिंग बाहेरचा आहे. तो न्यायाचा प्रतिनिधी होऊ शकतो, परंतु राहुलचा दुसरा चेहरा होऊ शकत नाही.

३

‘अंतिम’चे समीक्षकांनी केलेले स्वागत संमिश्र होते. आयुष शर्मा यांच्या कामाची, विशेषतः ‘लवयात्री’ (२०१८) या त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या तुलनेत दिसलेल्या प्रगतीची, पुष्कळांनी वाखाणणी केली. सलमान खान यांनी नेहमीपेक्षा संयत भूमिका स्वीकारली, याचीही नोंद झाली. उलटपक्षी, कथानक अपेक्षित वळणांनी जाते, प्रेमकथेचा धागा उपरा वाटतो, नायकप्रधान प्रसंगांमुळे मुख्य कथेची लय तुटते, असे आक्षेप घेण्यात आले. तारकांच्या भाषेत बोलावयाचे तर चित्रपट मधल्या पट्ट्यात राहिला.

अशा परीक्षणांच्या भाषेकडे लक्ष दिल्यास एक वाक्यरचना वारंवार आढळते. व्याकरणात जिला विरोधदर्शक किंवा ‘जरी–तरी’ची रचना म्हणतात, ती हीच होय. ‘अभिनय प्रभावी असला तरी कथा जुनीच आहे’, किंवा ‘कथा जुनी असली तरी अभिनय प्रभावी आहे’, असा त्या वाक्यांचा साचा असतो. या दोन वाक्यांत सांगितलेली माहिती तंतोतंत एकच आहे. परंतु वाक्याचा भार नेहमी उत्तरार्धावर पडत असल्याने पहिल्या वाक्याचा समीक्षक असंतुष्ट, तर दुसऱ्याचा संतुष्ट वाटतो. मध्यम प्रतीच्या चित्रपटाबाबत समीक्षकांत दिसणारा मतभेद पुष्कळदा एवढाच असतो. निरीक्षणे समान असतात. कोणते निरीक्षण उपवाक्यात घालावे आणि कोणते मुख्य वाक्यात ठेवावे, यावर अडीच तारका की साडेतीन, हे ठरते. तारकांच्या संख्येत मात्र ही वाक्यरचना पुसली जाते आणि उरतो तो केवळ आकडा.

मग मुख्य वाक्यात काय ठेवावे, हे समीक्षक कशावरून ठरवितो? ‘अंतिम’च्या बाबतीत तीन मापे एकाच वेळी कार्यरत होती असे दिसते. पहिले माप मूळ कृतीचे. ‘मुळशी पॅटर्न’ पाहिलेल्या समीक्षकापाशी ते होते. दुसरे माप प्रकाराचे. हिंदीतील गुन्हेगारीपटांची परंपरा, आणि त्यातही मांजरेकर यांचाच ‘वास्तव’ (१९९९) हा चित्रपट, अनेकांना तुलनेसाठी आठवला. तिसरे माप प्रसंगाचे होते. महामारीमुळे दीर्घकाळ बंद राहिलेली महाराष्ट्रातील चित्रपटगृहे ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडली होती; त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या सलमान खान यांच्या ‘राधे’ने समीक्षकांची निराशा केली होती; आणि ‘अंतिम’च्या आदल्याच दिवशी, २५ नोव्हेंबर रोजी, ‘सत्यमेव जयते २’ हा भडक हाणामारीचा चित्रपट प्रदर्शित झाला होता. या शेजारात ‘अंतिम’ संयमी वाटला, यात नवल नाही.

प्रत्येक मापाने निर्णय निराळा येतो. प्रसंगाच्या मापाने चित्रपट सरस ठरतो, प्रकाराच्या मापाने सामान्य, तर मूळ कृतीच्या मापाने उणा. या तिन्ही निर्णयांची सरासरी काढली म्हणजे ‘मध्यम’ हा शब्द हाती येतो. म्हणजेच मध्यमपणा हा कृतीचा गुणधर्म असतोच असे नाही. भिन्न मापांची बेरीज करून ती एकाच आकड्यात मांडल्याने तो पुष्कळदा निर्माण होतो.

४

या परीक्षणांतील सर्वांत वारंवार येणारा आक्षेप कथानक ‘अपेक्षित’ असल्याचा आहे. हा आक्षेप बारकाईने तपासण्याजोगा आहे. कारण कथानकाचाच विचार करावयाचा, तर मूळ मराठी चित्रपटही तितकाच अपेक्षित आहे. गरीब मुलगा गुन्हेगार होतो, वर चढतो आणि नष्ट होतो, या साच्यात त्यानेही पालट केलेला नाही. असे असता मूळ कृतीच्या बाबतीत हाच दोष तितक्या तीव्रतेने का जाणवू नये? प्रेक्षकाला पुढे काय होणार हे ठाऊक असूनही त्याचे लक्ष कशाने खिळून राहते? याचे उत्तर कथानकात सापडत नाही. ते भाषेत शोधावे लागते.

प्रथम शीर्षके घ्यावीत. ‘मुळशी’ हे एका तालुक्याचे नाव आहे आणि मराठी कानाला ते केवळ भौगोलिक नाही. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. जमीन जाण्याचा अनुभव या नावाला शंभर वर्षांपासून चिकटलेला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच तालुक्यातील हिंजवडी येथे माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत उभी राहिली आणि आसपासच्या जमिनींचे भाव पालटले. ‘पॅटर्न’ हा शब्द तर अधिकच अर्थवाही आहे. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीच्या सार्वजनिक व्यवहारात एका विशिष्ट अर्थाने रुळला आहे : एखाद्या गावाने यशस्वी करून दाखविलेली आणि इतरांनी अनुकरणीय मानलेली पद्धती. परीक्षांतील यशाचा ‘लातूर पॅटर्न’ आणि राजकीय जुळवणीचा ‘अकोला पॅटर्न’ हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. या मालिकेत ‘मुळशी पॅटर्न’ हे नाव ठेवले की त्यातील उपरोध आपोआप प्रकट होतो. जमीन विकणे, पैसा उधळणे, आणि त्यानंतर शस्त्र हाती घेणे, हीसुद्धा आता एक अनुकरणीय पद्धती झाली आहे, असे ते शीर्षक सांगते.

‘अंतिम : द फायनल ट्रुथ’ या शीर्षकात यातले काहीच नाही. ‘अंतिम’ हे विशेष्यावाचून उभे असलेले विशेषण आहे. इंग्रजी उपशीर्षक तेच विशेषण पुन्हा उच्चारून त्याला ‘सत्य’ हे विशेष्य पुरविते. मराठी शीर्षक स्थळ आणि प्रक्रिया सांगते. हिंदी शीर्षक शेवट सांगते. ज्या चित्रपटाचे नावच शेवटाकडे बोट दाखविते, तो प्रेक्षकाला अपेक्षित वाटला, तर त्यात त्या प्रेक्षकाचा दोष नाही.

दुसरा मुद्दा जमिनीच्या शब्दसंपत्तीचा. मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात जमीन कधीच नुसती ‘जमीन’ नसते. ती एकरात, गुंठ्यात, बांधात आणि सातबाऱ्यात असते. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, म्हणजे हक्काची नोंद आणि पिकाची नोंद, यांना जोडून झालेला ‘सातबारा’ हा शब्द मालकीचेच नव्हे तर कुळाच्या अस्तित्वाचे चिन्ह बनला आहे. त्यावरून नाव जाणे ही एक सामाजिक घटना असते. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतीचा विचार एकरात होतो. घराच्या भूखंडांचा विचार गुंठ्यात होतो. त्यामुळे ज्या दिवशी गावात एकराऐवजी गुंठ्याचा भाव विचारला जाऊ लागतो, त्या दिवशी त्या जमिनीचे शेतपण संपते. पुणे परिसरातील बोलीने या संक्रमणासाठी ‘गुंठामंत्री’ असा एक मार्मिक समासही घडविला आहे. गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून आलेल्या पैशावर मंत्र्याचा थाट करणारा, असा त्याचा अर्थ. सोस्यूर याने शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेल्या विरोधातून ठरते असे प्रतिपादन केले होते. ‘एकर’ आणि ‘गुंठा’ ही जोडी त्याचे उत्तम उदाहरण ठरावी. सर्वदूरच्या हिंदी प्रेक्षकासाठी लिहिलेल्या संवादांना हा विरोध उपलब्ध नसतो. तेथे जमीन ही एक भावना म्हणून येते, हिशेब म्हणून येत नाही. आणि हिशेब गेला की अधोगतीचे कारणही धूसर होते.

तिसरा मुद्दा नामरूपांचा. ‘अंतिम’मध्ये नान्या, पिट्या, गण्या ही नावे तशीच राहिली आहेत. मराठीतील ‘-या’ हा प्रत्यय लघुत्वदर्शक आहे. तो जवळीक दाखवितो आणि तुच्छताही दाखवितो, आणि यांपैकी काय दाखवावयाचे ते बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या नात्यावर अवलंबून असते. आई मुलाला ‘राहुल्या’ म्हणते तेव्हा ती माया असते. टोळीतला वरचढ माणूस त्याला त्याच नावाने हाक मारतो तेव्हा तो हुकूम असतो. ज्या दिवशी हा प्रत्यय गळतो आणि नावापुढे ‘भाई’, ‘भाऊ’ किंवा ‘दादा’ लागतो, त्या दिवशी माणूस मोठा झालेला असतो. ‘नान्या भाई’ या नावात तर दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात : प्रत्यय माणसाला खाली खेचतो, उपपद त्याला वर उचलते. मराठी प्रेक्षकाला या नावातूनच त्या माणसाचा सारा प्रवास ऐकू येतो. मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकाला मात्र ही नावे केवळ स्थानिक रंग म्हणून ऐकू येतात. शब्द राहिला, पण त्याचे व्याकरण राहिले नाही.

चौथा मुद्दा सर्वनामांचा असून तो सर्वांत सूक्ष्म आहे. मराठीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. द्राविड भाषांतही आढळणारा हा भेद प्रमाण हिंदीतील ‘हम’मध्ये नाही. हिंदीत ‘अपना’ हे स्ववाचक रूप आहे आणि काही बोलींत ‘अपन’ही आहे, हे खरे, तथापि प्रत्येक वाक्यात वगळणे किंवा सामावणे यांपैकी एकाची निवड करणे तेथे बंधनकारक नाही. भाषा कोणती गोष्ट सांगू शकतात यापेक्षा कोणती गोष्ट त्यांना सांगावीच लागते, यात त्यांच्यातील खरा भेद असतो, हा याकोबसन याने १९५९ मध्ये भाषांतरासंबंधी मांडलेला विचार येथे लागू पडतो. ‘आमची जमीन’ आणि ‘आपली जमीन’ यांत मालकीचा नव्हे, माणसांचा फरक आहे. दलाल शेतकऱ्याशी ‘आपण’च्या भाषेत बोलतो, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो, टोळीप्रमुख नव्या पोराला ‘आपला माणूस’ म्हणतो, म्हणूनच तो त्याच्यामागे जातो. घर गमावलेल्या मुलाला टोळी प्रथम एक सर्वनाम देते. ही कथा मराठीत घडते तेव्हा तिचा अर्धा आशय अशा रूपांतून, न बोलता, वाहत असतो.

५

आता ‘वास्तव’शी झालेल्या तुलनेचे स्पष्टीकरण देता येईल. दिग्दर्शक एक आणि विषयही जवळचा, हे तिचे उघड कारण होय. परंतु त्याखाली आणखी एक कारण आहे. हिंदी चित्रपटाने गुन्हेगारी जगासाठी एक विशिष्ट बोली घडविली आहे. ती मुंबईची आहे, आणि ‘सत्या’ (१९९८) व ‘वास्तव’ यांच्या काळात ती पक्की झाली. पुण्याच्या पश्चिमेकडील खेड्यांतून शहराच्या कडेला आलेल्या तरुणांसाठी हिंदी चित्रपटापाशी अशी कोणतीही तयार बोली नव्हती. त्यामुळे मुळशीची कथा हिंदीत शिरताच मुंबईची वाणी बोलू लागली, आणि मुंबईची वाणी ऐकताच समीक्षकाला मुंबईचे चित्रपट आठवले. पडद्यावर पुणे दिसत होते. कानावर मुंबई पडत होती. गणेशोत्सवाचे गाणे, मराठी आडनावे, मराठी नट अशी दृश्य चिन्हे चित्रपटात विपुल आहेत. परंतु ज्या चिन्हांमुळे प्रदेश केवळ दिसत नाही तर ऐकू येतो, ती चिन्हे अनुवादात गळून पडली.

येथे भारतीय काव्यशास्त्रातील एका संज्ञेचे स्मरण उपयुक्त ठरेल. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने वेगळ्या भूमिकेवरून विवेचिलेल्या ‘साधारणीकरणा’च्या विचारानुसार कृतीतील विशिष्ट व्यक्ती व प्रसंग रसिकाच्या अनुभवात व्यक्तिनिरपेक्ष होतात. पुनर्निर्मितीचा युक्तिवादही वरवर असाच असतो : कथा सर्वांची व्हावी म्हणून तिचे स्थानिक विशेष कमी करावेत. परंतु या दोहोंत मूलभूत अंतर आहे. साधारणीकरण ही रसिकाच्या मनात घडणारी क्रिया आहे आणि तिला विशिष्टाची सामग्री लागते. निर्मात्याने आधीच विशेष काढून टाकले, तर साधारण करावयास काही शिल्लकच राहत नाही. या दुसऱ्या प्रक्रियेस सामान्यीकरण म्हणणे योग्य होईल. समीक्षकांना ‘अंतिम’मध्ये जो ‘अपेक्षित’पणा जाणवला, तो या सामान्यीकरणाचा परिणाम होय.

‘सैराट’ (२०१६) आणि ‘धडक’ (२०१८) यांच्याबाबत असाच अनुभव आला होता. ‘धडक’वर झालेल्या टीकेचा मुख्य रोख जातिवास्तव सौम्य झाल्याकडे होता, आणि तो योग्यच होता. तेथे समीक्षकांना उणीव नेमकी सांगता आली, कारण जात हा सार्वजनिक चर्चेचा विषय आहे आणि तिच्यासाठी शब्द उपलब्ध आहेत. ‘अंतिम’मधून जे गळाले त्यासाठी असे तयार शब्द नव्हते. गुंठ्याचा हिशेब, ‘-या’ प्रत्यय किंवा ‘आपण’चा समावेशक अर्थ गळाला, असे परीक्षणात कोण लिहिणार? उणीव जाणवली, परंतु तिचे नाव सापडले नाही. म्हणून तिला ‘अपेक्षित’ हे हाताशी असलेले नाव देण्यात आले.

तथापि यावरून पुनर्निर्मिती सर्वथा हीन होती, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. मूळ कृतीतही लोकप्रिय चित्रपटाच्या तडजोडी आहेत. गुन्हेगाराच्या विनाशाची कथा सांगताना त्याच्या रुबाबाचे आकर्षण तिलाही पूर्णपणे टाळता आलेले नाही, आणि तिच्यातील सर्वांत गाजलेले गाणे तो रुबाबच मिरविते. शिवाय मांजरेकर यांना हा विषय परका नव्हता. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावर आधारलेला, गिरणी संपानंतर देशोधडीस लागलेल्या कामगार कुटुंबाचा चित्रपट त्यांनी २०१० मध्ये मराठीत ‘लालबाग परळ’ आणि हिंदीत ‘सिटी ऑफ गोल्ड’ असा दुहेरी घडविला होता. उपजीविका हिरावली गेली की पुढची पिढी गुन्हेगारीकडे कशी वळते, हा त्यांच्या चिंतनाचा जुना धागा आहे; ‘अंतिम’ त्या धाग्यात बसतो.

राजवीर सिंग या पात्राबाबतही एक गोष्ट विसरता कामा नये. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या अवघा एक आठवडा आधी, १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, तीन कृषिकायदे मागे घेण्याची घोषणा झाली होती, आणि त्या कायद्यांविरुद्धच्या आंदोलनात पंजाबचे शेतकरी अग्रभागी होते. जमीन गमावलेल्या मराठी शेतकऱ्याच्या कथेत शीख अधिकारी असणे, याला त्या आठवड्यात एक अनपेक्षित अर्थ प्राप्त झाला. तो योजून आलेला नव्हता. परंतु स्थळाचा एक संदर्भ गमावलेल्या कृतीला काळाने दुसरा संदर्भ कसा पुरविला, याचे हे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे.

६

वरील विवेचनातून समीक्षाव्यवहारासंबंधी दोन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली ही की, पुनर्निर्मित चित्रपटाच्या परीक्षणात कोणते माप वापरले आहे, ते समीक्षकाने उघड केले पाहिजे. मूळ कृतीशी तुलना, प्रकाराशी तुलना आणि समकालीन चित्रपटांशी तुलना या तीन भिन्न क्रिया आहेत. त्या एका वाक्यात मिसळल्या आणि एका आकड्यात बंद केल्या, की वाचकाला निर्णय मिळतो, ज्ञान मिळत नाही. परीक्षणांचा संग्रह करून त्यांवरून एखाद्या चित्रपटाचे स्वागत अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यानेही आकड्यांच्या सरासरीवर विसंबू नये. ‘जरी’ कोठे आला आणि ‘तरी’ कोठे आला, हे पाहावे. दोन परीक्षणांतील खरा मतभेद निरीक्षणांचा आहे की केवळ वाक्यरचनेचा, हे तेथेच कळून येईल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मराठीतून हिंदीत जाणाऱ्या चित्रपटांची संख्या लहान नाही, आणि अशा चित्रपटांविषयी देशभर जे मत बनते ते बहुतांशी मूळ भाषा न जाणणाऱ्या समीक्षकांच्या लेखनावर बनते. त्यांनी मराठी शिकावी, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. परंतु ज्यांना दोन्ही भाषा अवगत आहेत त्यांच्यावर त्यामुळे एक जबाबदारी येते. मूळ श्रेष्ठ, प्रतिकृती कनिष्ठ, एवढे सांगून ती पार पडत नाही. कारण असे विधान अभिमानाचे निदर्शक असते, विश्लेषणाचे नव्हे. कोणता शब्द, कोणता प्रत्यय, कोणते सर्वनाम एका भाषेत काम करीत होते आणि दुसऱ्या भाषेत त्याची जागा रिकामी राहिली, हे दाखवून द्यावे लागते. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये मुलाच्या हाती शस्त्र येण्यापूर्वी बापाच्या हातून जमीन जाते, आणि ती कशी जाते हे सांगणारी भाषा त्या जमिनीबरोबरच वाढलेली आहे. ‘अंतिम’ने शस्त्राची कथा सांगितली. जमिनीची कथा तितक्या नेमकेपणाने सांगण्यास लागणारी भाषा त्याच्यापाशी नव्हती. आणि ‘मध्यम’ या निर्णयात जे सत्य आहे, ते एवढेच आहे.